सिस्टिम कॉलला ‘व्यत्यय’ म्हणावं का?

प्रश्न : कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, मराठीत टिपणं काढतोय. इंटरप्टला ‘व्यत्यय’, सिस्टिम कॉलला ‘सॉफ्टवेअर व्यत्यय’ आणि पेज फॉल्टला ‘पान-दोष’ असं लिहिलं. पहिला जमलाय, पुढचे दोन वाचताना खटकतात. का बरं?

उत्तर : खटकायलाच हवेत. व्यत्यय आगंतुक असतो. नेटवर्क कार्डावर पॅकेट आलं की प्रोसेसर हातातलं सोडून कर्नलच्या हँडलरकडे, म्हणजे ते हाताळणाऱ्या कोडकडे, वळतो. त्या क्षणी जो प्रोग्राम चालू असेल, त्याचा त्या पॅकेटशी संबंध असेलच असं नाही. म्हणून साध्या हँडलरला झोपायची, म्हणजे कशाची वाट बघत थांबायची, मुभा नसते. त्यापायी भलताच प्रोग्राम अडकून पडायचा. लिनक्समध्ये तो निकडीचं तेवढं उरकतो आणि बाकीचं सॉफ्टआयआरक्यू किंवा वर्कक्यू या मागाहून काम उरकणाऱ्या यंत्रणांवर ढकलतो.

सिस्टिम कॉल म्हणजे प्रोग्रामनं कर्नलला सांगितलेलं काम. तो प्रोग्राम स्वतः मागून घेतो. 64-बिट एक्स86 लिनक्सवर ‘राइट’ करायचं तर आरएएक्स या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात) ‘राइट’चा क्रमांक 1 ठेवायचा, आरडीआयमध्ये फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक), आरएसआयमध्ये मजकुराचा पत्ता, आरडीएक्समध्ये लांबी, आणि मग ‘सिसकॉल’ ही इन्स्ट्रक्शन. परतीचा पत्ता प्रोसेसर आरसीएक्समध्ये ठेवतो, फ्लॅग्ज (प्रोसेसरच्या स्थितीच्या खुणा) आर11मध्ये, आणि थेट कर्नलच्या ठरलेल्या प्रवेशबिंदूवर उडी मारतो. कोणत्या इंटरप्टला कोणता हँडलर हे सांगणाऱ्या तक्त्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही! शिवाय इथे कर्नल त्याच प्रोग्रामच्या वतीनं काम करत असतो, त्यामुळे डिस्कची वाट बघत झोपला तरी चालतं. मी तरी सरळ ‘सिस्टिम कॉल’च लिहीन.

दुसरं मत : ‘सॉफ्टवेअर व्यत्यय’ अगदीच टाकाऊ नाही, जुना आहे इतकंच. 32-बिट लिनक्समध्ये ‘इंट 0एक्स80’नं, म्हणजे त्याच तक्त्यातल्या 128 क्रमांकाच्या नोंदीतून (व्हेक्टरमधून) कर्नलमध्ये जात. एआरएम प्रोसेसरवर तर त्या इन्स्ट्रक्शनचं नावच आधी एसडब्ल्यूआय, सॉफ्टवेअर इंटरप्ट, होतं. एसव्हीसी नंतर झालं. ‘ट्रॅप’ वापरणार असाल तर मात्र कोणत्या प्रोसेसरचा ते सांगा. रिस्क-व्हीमध्ये तो इंटरप्ट आणि एक्सेप्शन (चालू इन्स्ट्रक्शनमुळेच उद्भवलेला प्रसंग) दोन्हींना कवेत घेतो, इंटेलकडे तो एक्सेप्शनचा फक्त एक प्रकार आहे.

‘पान-दोष’ तर काढाच. बहुतेक वेळा दोष कुणाचाच नसतो. प्रोग्रामला हवं असलेलं पान, म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा, मेमरीत नव्हतं, कर्नलनं आणून लावलं, बस्स. इंटेलच्या व्याख्येत फॉल्ट झाला की जतन होतो तो त्याच इन्स्ट्रक्शनचा पत्ता, म्हणून ती पुन्हा चालते आणि प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. ब्रेकपॉइंट (चुका शोधताना प्रोग्राम थांबवायची खूण) हा ट्रॅप. तिथे पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता जतन होतो. हा फरक ‘दोष’ या शब्दात कुठे दिसतो?

प्रश्नकर्ता : पटलं. मग ‘इंटरप्टेड सिस्टिम कॉल’ ही एरर येते, तिचं काय? तिथे तर दोन्ही शब्द एकत्र.

उत्तर : तिचं नाव ईआयएनटीआर, लिनक्समध्ये क्रमांक 4. तिथला इंटरप्ट हार्डवेअरचा नव्हेच. ‘रीड’ वाट बघत थांबलेला असताना सिग्नल (कर्नलनं प्रोग्रामला पोचवलेली सूचना) आला, म्हणून तो अर्ध्यावर परतला. सिग्नल हँडलर नोंदवताना एसए_रीस्टार्ट हा पर्याय दिला असेल तर कर्नल असे बरेचसे कॉल आपणहून पुन्हा सुरू करतो. तिथे ‘खंडित’ लिहा, ‘व्यत्यय’ नको.