जुन्या ट्यूब अ‍ॅम्पचं हाताचं वायरिंग: आवाजात फरक की नुसती हवा?

ओममीटर:
परत तेच ऐकलं, जुना फेंडर-मार्शल गिटार अ‍ॅम्प भारी वाजतो कारण आतलं वायरिंग हाताने केलंय, पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) आला आणि आवाज मेला. निव्वळ हवा! ऐकू येतात ते ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, ट्यूब आणि सर्किट. सोल्डानो कंपनीचा एसएलओ-१०० अ‍ॅम्प पीसीबीवरच आहे, त्याला कोणी नावं ठेवतं का?

तारेवरची_कसरत:
सर्किट सेम असलं तरी तार कुठून जाते याने फरक पडतो राव. ट्यूबच्या ग्रिडची तार (सिग्नल आत नेणारी) प्लेटच्या तारेला (मोठा झालेला सिग्नल बाहेर आणणारी) खेटून गेली की अ‍ॅम्प शिट्टी मारतो, आणि कधीकधी शिट्टी ऐकूच येत नाही, नुसता आवाज दबका आणि फाटका होतो, माणूस ट्यूब बदलत बसतो. १९६५ ला फेंडर सीबीएस या अमेरिकन कंपनीकडे गेली, पुढे तिच्या सिल्व्हरफेस (चंदेरी पॅनेलच्या) अ‍ॅम्पमध्ये आउटपुट ट्यूबच्या ग्रिडवर छोटे कपॅसिटर आले ते कशाला? ऑसिलेशन, म्हणजे हीच शिट्टी, दाबायला! याउलट हॅरी जॉइस या कारागिराने वायर केलेला हिवॉट अ‍ॅम्प उघडून बघ, प्रत्येक तार काटकोनात वळवून जुडीत बांधलेली.

ओममीटर:
अरे मग हे माझ्याच बाजूचं झालं ना. तार कुठे जाते ते महत्त्वाचं, तर पीसीबीत ती शंभर अ‍ॅम्पमध्ये त्याच जागी असते. हाताच्या कामात सगळं वायर करणाऱ्याच्या मूडवर.

निळा_धूर:
आवाजाचं तुमचं चालू द्या, मी रिपेअरवाला आहे. जुन्या फेंडरचा तो काळा फायबर बोर्ड, ज्यात आयलेट (धातूच्या पोकळ कड्या) ठोकलेत आणि वरून मेण लावलंय, तो दमट हवेत ओलावा धरतो. मग प्लेटचे दोनेकशे व्होल्ट बोर्डातूनच थोडे थोडे ग्रिडकडे झिरपतात, खरखर सुरू, पॉट (आवाज-टोनचं बटण) फिरवला तरी कुरकुर, लोक कपॅसिटरला शिव्या देतात. मीटरचा प्रोब नुसत्या बोर्डावर टेकवा, जिथे काहीच जोडलेलं नाही तिथे व्होल्टेज दिसतं. मुंबईच्या पावसाळ्यात तर विचारू नका. ड्रायरने सुकवलं की काही दिवस बरं. आणि हो, पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आधी बदला, ते कुठल्याही बोर्डावर वाळतातच.

तारेवरची_कसरत:
मान्य, पण दुरुस्तीला तरी हाताचंच बरं की नाही? व्हॉक्स एसी३० अ‍ॅम्पच्या टॅग स्ट्रिपवरचा (पार्ट जोडायच्या धातूच्या कानांची पट्टी) रेझिस्टर समोरून डिसोल्डर केला, नवा लावला, झालं. आत्ताच्या स्वस्त अ‍ॅम्पमध्ये ट्यूबचा सॉकेटच पीसीबीवर, ट्यूब तापते-थंडावते, सोल्डरचे टाके तडकतात, आणि एका टाक्यासाठी सगळे पॉट सोडवून बोर्ड बाहेर काढा.

निळा_धूर:
समोरून? जुना सुप्रो अ‍ॅम्प उघडलायस का कधी, बोर्डच नाही, सगळे पार्ट एकमेकांवर रचलेले, खालचा काढायला वरचे चार सोडवायचे. आणि सॉकेटचं म्हणशील तर तो पीसीबीचा दोष नाही. मार्शल १९७३-७४ च्या सुमारास पीसीबीवर गेला तेव्हाही सॉकेट चॅसीलाच (धातूच्या सांगाड्याला) स्क्रूने बसवलेले होते, तिथपर्यंत तारा ओढलेल्या. ते अ‍ॅम्प आजही चालतात.

ओममीटर:
हेच म्हणतोय मी कधीपासून! तरी लोक ७३ च्या आधीचा मार्शल म्हटलं की डोळे झाकून जास्त पैसे मोजतात.

तारेवरची_कसरत:
मोजू देत की. तुझ्याकडे विकायला असता तर तूही मागितले असतेस.

ओममीटर:
मागितले असतेच, पण वायरिंगमुळे गोड वाजतो असं गिऱ्हाइकाला सांगितलं नसतं 😄