गोणी आपोआप फळीवर चढते असं उत्तर येतंय! उतार आणि घर्षणाच्या गणितात नेमकं चुकतं कुठे?

निफाडकर_अकरावी
दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता नाशिकला अकरावी सायन्स. न्यूटनचे तिन्ही नियम पाठ आहेत, सूत्रंही पाठ आहेत, तरी गणित समोर आलं की कुठलं सूत्र कुठे लावायचं ते सुचत नाही. हे एक बघा:

५० किलोची कांद्याची गोणी पिकअपमध्ये चढवायला ३० अंशाची फळी लावली आहे. दोरी फळीला समांतर, घर्षणांक ०.४, जी (गुरुत्व त्वरण) = १०. (अ) एकसमान वेगाने वर ओढायला किती बल लागेल? (ब) फळी २० अंशाची केली आणि स्थिर गोणीची दोरी सोडली, तर त्वरण किती?

(अ) माझं उत्तर ४५० न्यूटन, दिलेलं उत्तर ४२३. (ब) मध्ये खाली जाणारी दिशा धन धरून माझं त्वरण उणे ०.३४ आलं, दिलेलं उत्तर शून्य. म्हणजे माझी गोणी स्वतःच वर चढते!

गोदाकाठ
(अ) मधलं ४५० म्हणजे २५० अधिक २००. २५० बरोबर आहे, ते वजनाचं उताराच्या दिशेचं घटक बल. २०० आलं ते ०.४ × ५०० करून. म्हणजे अभिलंब बल (फळी गोणीला लंब दिशेने ढकलते ते) तू सरळ वजनाइतकं धरलंस. ते आडव्या जमिनीवर, आणि तेही दुसरं कुठलं बल वरखाली लागत नसेल तरच खरं. इथे फळीला लंब दिशेत गोणी हलत नाही, म्हणून अभिलंब बल = ५०० × कॉस ३० = ४३३. घर्षण १७३. बेरीज ४२३.

अभिलंब बलाचं पाठ करायचं सूत्र नसतंच. प्रत्येक गणितात ते नव्याने काढायचं.

(ब) मधली चूक जास्त शिकवणारी आहे. २० अंशाला घटक बल ५०० × ०.३४२ = १७१. तू घर्षण ०.४ × ४७० = १८८ घेतलंस आणि वजाबाकी केलीस. पण १८८ ही स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्ष घर्षण नाही. स्थिर वस्तूवर घर्षण लागतं तेवढंच येतं: इथे १७१. म्हणून आधी विचारायचं, सरकते की नाही? १७१ हे १८८ पेक्षा कमी, म्हणजे सरकत नाही, विषय संपला. ३० अंशाला २५० विरुद्ध १७३, तिथे मात्र सोडल्यावर सरकेल: ७७ भागिले ५०, सुमारे १.५४ मीटर प्रति सेकंद वर्ग.

फळा_आणि_खडू
वरचं सगळं बरोबर, पण मुळात आकृती काढलेली नाही असं दिसतंय. फळी, पिकअप, दोरी यांचं चित्र नव्हे. फक्त गोणीचा एक ठिपका काढ आणि त्यावर बाण. प्रत्येक बाणाला एकच प्रश्न: हे बल गोणीवर कोण लावतंय? पृथ्वी (वजन), फळी (अभिलंब आणि घर्षण), दोरी (ताण). ज्याला ‘कोण’ नाही तो बाण खोडायचा. ‘गतीचं बल’ किंवा ‘एमए’ (वस्तुमान × त्वरण) असा बाण बरीच मुलं काढतात. एमए हे बल नाही, ते बरोबरच्या चिन्हाच्या पलीकडे येतं.

आणि वजन-अभिलंब ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे. दोन्ही एकाच गोणीवर आहेत. जोडीतली बलं नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात. वजनाची जोडी म्हणजे गोणी पृथ्वीला वर ओढते ते बल.

साइन की कॉस हा गोंधळ असेल तर कोन शून्य करून बघ. फळी आडवी झाली की खाली ओढणारं घटक बल शून्य व्हायला हवं, म्हणून तिथे साइन. कसारा घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, साइन थीटा जवळपास तेवढाच. इवलासा कोन, पण हजार टनांची गाडी धरली तर मागे ओढणारं बल सुमारे २.७ लाख न्यूटन होतं. मागून बँकर इंजिनं लावतात ती यासाठीच.

घटक नेहमी उताराच्या दिशेने आणि त्याला लंब पाडायचे, म्हणजे चूक होत नाही.

गोदाकाठ
‘नेहमी’ला हरकत आहे. बाहेरच्या बाजूने उचललेल्या वळणावर गाडीचं त्वरण आडवं, वळणाच्या केंद्राकडे असतं. तिथे घर्षण नाही असं धरून अक्ष आडवा-उभा घेतला की एका ओळीत सुटतं: एन कॉस थीटा = एमजी (एन म्हणजे अभिलंब बल, एमजी म्हणजे वजन). सवयीने एन = एमजी कॉस थीटा लिहिलं की उत्तर गेलं. वजन ५०० आणि कोन ३० धर: उतारावर एन ४३३, वळणावर ५७७. आकृती जवळपास सारखीच दिसते, फरक त्वरणाच्या दिशेचा. अक्ष त्वरणाच्या दिशेने घ्यावा.

फळा_आणि_खडू
मान्य, ‘नेहमी’ मागे घेतो.

सिडको_रात्रपाळी
मराठी माध्यमातून आलेल्यांची अर्धी अडचण भौतिकशास्त्राची नसून इंग्रजी वाक्याची असते. त्या वाक्यातले काही शब्द म्हणजे लपवलेली समीकरणं आहेत. ‘स्मूथ’ म्हणजे गुळगुळीत नव्हे, घर्षण शून्य. ‘लाइट स्ट्रिंग’ म्हणजे दोरीचं वस्तुमान धरायचं नाही. कप्पीही हलकी आणि घर्षणरहित असेल तर दोन्हीकडे ताण सारखा. ‘इनएक्स्टेन्सिबल’ म्हणजे दोरी ताणत नाही, म्हणून दोन्ही ठोकळ्यांच्या त्वरणाचं मान सारखं. ‘युनिफॉर्म व्हेलॉसिटी’ म्हणजे त्वरण शून्य. स्थिर वस्तूसाठी ‘जस्ट बिगिन्स टू स्लाइड’ असेल तरच घर्षण = म्यू (घर्षणांक) × एन, म्हणजे कमाल मर्यादेवर. गणित वाचताना या शब्दांखाली रेघ मारून शेजारी समीकरण लिही.

कप्पीचं गणित येईलच, तिथली ठरलेली चूक आत्ताच सांगतो. स्मूथ टेबलावर ३ किलो, कप्पीवरून लटकलेले २ किलो. ताण २० न्यूटन लिहितात. ताण २० असता तर लटकलेला ठोकळा सोडल्यावर जागचा हललाच नसता! दोघांची समीकरणं वेगळी: २० − टी = २ए, टी = ३ए. त्वरण ४, ताण १२.

एककंही बघ. ताशी ७२ किमी म्हणजे २० मीटर प्रति सेकंद. चाकं घसरत थांबणाऱ्या गाडीचा घर्षणांक ०.५ धरला तर अंतर वेगाचा वर्ग भागिले १० (२ × ०.५ × जी), म्हणजे ४० मीटर. ७२ तसंच घातलं तर ५१८ मीटर येतं. अर्धा किलोमीटर घसरत जाणारी गाडी दिसली की थांबून तपासायचं. तुझी वर चढणारी गोणी तू ओळखलीस, ती सवय चांगली आहे.

निफाडकर_अकरावी
ठिपका काढून पुन्हा केलं, दोन्ही उत्तरं जमली. एकच शंका: २० अंशालाच दोरीने वर ओढायला लागलो, तर गोणी हलायला १७१ + १८८ = ३५९ न्यूटन लागतील ना? मग ओढ २०० असताना घर्षण कुठल्या दिशेला?

गोदाकाठ
३५९ बरोबर. ओढ २०० असताना घर्षण २९ न्यूटन, फळीवरून खालच्या दिशेला. ओढ १०० असताना ७१, वरच्या दिशेला. आणि ओढ बरोबर १७१ असताना घर्षण शून्य, फळी कितीही खरखरीत असो. ओढ आडव्या अक्षावर आणि घर्षण उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढ. ओढ शून्यापासून ३५९ पर्यंत सरळ रेघ येईल आणि १७१ ला ती शून्य ओलांडेल, म्हणजे तिथे घर्षणाची दिशा बदलेल.