मदत हवी आहे: पाच रुपयांच्या नाण्याची कड टाकसाळीतच कापली गेली, की कोणी कानस मारली?

नमस्कार मंडळी. नाशिकला सराफ बाजारातल्या एका जुन्या विक्रेत्याकडे जाड पाच रुपयांचं, तांबे-निकेलचं नाणं पाहिलं. कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा गायब. 'मिंट एरर (टाकसाळीतली चूक) आहे' म्हणून दीड हजार सांगतोय. असली 'एरर' घरच्या कानशीवरही होते, म्हणून विचारतोय.

ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर वजन ८.४ ग्रॅम भरलं, मूळ ९ हवं. पण याने काहीच सिद्ध होत नाही, दोन्हीकडे धातू कमीच होणार.

टाकसाळीत पत्र्यातून चकती कापताना पंच (कापणारा ठोकळा) आधीच्या भोकावर पडला, तर चकतीच अपुरी निघते आणि ठसा तिच्यावर नंतर उमटतो. म्हणून तुकड्याच्या बरोबर समोरची कड पुसट राहते (ब्लेकस्ली इफेक्ट) आणि तुकड्यालगतची अक्षरं त्या बाजूला ओघळल्यासारखी ताणली जातात. नंतर कापलेल्या नाण्यात अक्षर सुरीने चिरल्यागत तुटतं.

इथे समोरची कड जरा पुसट आहे खरी, पण नाणं इतकं वापरलेलं की ती झीजही असेल. 'भारत'मधला 'त' अर्धा गेलाय, ताणलेला वाटत नाही. भिंगाखाली कापलेल्या जागी बारीक समांतर रेघा दिसतात, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे उभ्या.

अशा उभ्या रेघा पंचच्या कापानेही राहतात ना? कानशीच्या रेघा वेगळ्या कशा ओळखायच्या? अंजनेरीला नाणेसंग्रहालय आहे, पण पाच रुपड्यांसाठी तिथल्या जाणकारांना गाठायचा संकोच वाटतो. कोणाकडे खात्रीचं नाणं असेल तर कडेचा जवळून काढलेला फोटो टाका, प्लीज.