भावाबहिणींचा कोटा बंद करून ते व्हिसे नोकरीवाल्यांना द्यावेत का?

एडिसनकर

या महिन्याचं व्हिसा बुलेटिन (ग्रीन कार्डाची रांग कुठवर आली ते सांगणारं अमेरिकेचं सरकारी पत्रक) बघितलं आणि नेहमीप्रमाणे डोकं फिरलं. मी ईबी-2 मध्ये, म्हणजे नोकरीवरच्या (ईबी) ग्रीन कार्डाच्या दुसऱ्या गटात. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, मार्च 2015. 2022 च्या उन्हाळ्यात भारताची तारीख 1 डिसेंबर 2014 पर्यंत आली होती. बायको जन्मदाखले शोधायलाही लागली होती. ऑक्टोबरात तारीख घसरली ती थेट एप्रिल 2012 वर. सापशिडीत 98 ला साप चावतो ना, तसं.

तर मुद्दा. 1990 च्या कायद्याप्रमाणे अमेरिका दरवर्षी कुटुंबाच्या गटांना किमान 2,26,000 आणि नोकरीवाल्यांना 1,40,000 इमिग्रंट व्हिसे, म्हणजे ग्रीन कार्डं, देते. सिटिझनचा नवरा किंवा बायको, 21 च्या आतली अविवाहित मुलं आणि आईवडील यांना तर मर्यादाच नाही. जवळचं कुटुंब आधीच आत. मग त्या 2,26,000 तले 65,000 व्हिसे सिटिझनच्या भावाबहिणींना कशाला? ना शिक्षण विचारतात, ना नोकरी. मी इथे इतकी वर्षं टॅक्स भरतोय आणि नोकरी बदलायची तरी पोटात गोळा येतो. बार्बरा जॉर्डन यांच्या सरकारी इमिग्रेशन आयोगाने 1995 मध्येच हा गट बंद करा म्हटलं होतं. ते 65,000 ईबी ला द्या. मतं सांगा, शिव्या नकोत.

मिरजेची माई

शिव्या नाही देत, पण लागलं खरं. मी 2004 मध्ये धाकट्या भावासाठी आय-130 (नातलगाला बोलवायचा अर्ज) भरला. त्याला व्हिसा मिळाला 2019 मध्ये. पंधरा वर्षं! त्याचा मुलगा तोवर 28 चा झाला होता. अर्ज मंजूर व्हायला लागलेले दिवस वयातून वजा करूनही तो 21 च्या आत बसेना. तो मिरजेतच राहिला. एज आउट, म्हणजे रांगेतच मुलाचं वय उलटणं, काय ते आम्हाला शिकवू नका. आणि तुमच्या बायकोचं बाळंतपण कुणी केलं हो? आईने ना, सहा महिन्यांच्या टूरिस्ट व्हिसावर येऊन? माणसं लागतातच. तुमची पाहुणी म्हणून आली, माझी राहायला आली, एवढाच फरक.

आकडेमोड

एडिसनकर, तुमचं गणित कच्चं आहे. कुठल्याही एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि देश म्हणजे जन्माचा देश, पासपोर्टचा नव्हे. ईबी-2 ला वर्षाला साधारण 40,040. त्याचे 7 टक्के म्हणजे भारताला जेमतेम 2,800, आणि त्यातच बायकामुलं मोजली जातात. भावंडांचे 65,000 तुम्हाला दिले तरी तीच गाळणी लागणार. ईबी-2 भारताच्या वाट्याला वर्षाला 1,300 च्या आसपास येतील. त्यासाठी माईंच्या भावाची रांग मोडायची?

एडिसनकर

अर्धंच सांगितलंत. 2000 च्या कायद्यानुसार इतर देशांकडून उरलेले ईबी व्हिसे 7 टक्क्यांची अट न लावता सगळ्यात जुन्या तारखांना जातात. जुन्या तारखा कुणाच्या? आपल्याच. म्हणून तर 2022 मध्ये रांग पळाली.

मिरजेची माई

आणि ते उरले कुठून, तेही सांगा की. कोविडात कॉन्सुलेट बंद, वरून ट्रम्पची बंदी, म्हणून 2020 आणि 2021 मध्ये कुटुंबाचे कितीतरी व्हिसे वाटलेच गेले नाहीत. नियमाप्रमाणे ते त्या-त्या पुढच्या वर्षी तुमच्या खात्यात गेले. 1,40,000 चे दोन लाख साठ हजारांवर झाले. आमच्या ताटातलं वाढून घेतलंत आणि आता ताटच काढून घ्या म्हणताय.

एडिसनकर

हे मान्य. पण 2021 मध्ये त्यातलेही हजारो सरकारने वापरलेच नाहीत, वाया घालवले. आणि वाया गेले तेव्हा कुटुंबवाल्यांनाही परत मिळाले नाहीत.

मस्कतवाली

माझं ऐका, हसाल. नवरा साताऱ्याचा, मी मस्कतची, बाबा तिथे नोकरीला होते म्हणून. शिक्षण दोघांचं पुण्यात, पासपोर्ट दोघांचे भारताचे. ग्रीन कार्डाला माझा जन्मदेश लावला, तर नवऱ्याची बारा-पंधरा वर्षांची रांग दीड वर्षात संपली. माझं कर्तृत्व काय, तर जन्माला कुठे आले! भावंडांवर तोंड टाकण्याऐवजी या जन्मगावाच्या नियमावर बोला. आता आमच्या ओळखीत पत्रिका जुळवताना लोक मुलीचा जन्म गल्फचा आहे का विचारतात. (अर्धी थट्टा, अर्धी नाही.)

विदर्भी

मस्कतवाली ताई, 7 टक्के काढा म्हणणं सोपं आहे. काढले की पुढची कितीतरी वर्षं जवळपास सगळे ईबी व्हिसे भारत-चीनला जातील आणि नेपाळची नर्स शून्यापासून वाट बघेल. 2019 मध्ये हाउसने ते बिल 365 विरुद्ध 65 ने पास केलं, 2020 च्या डिसेंबरात सिनेटने आपला वेगळा मसुदा पास केला. दोन्हींचा मेळ बसला नाही, संपलं. आपली रांग दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची, याला न्याय म्हणत नाहीत.

आकडेमोड

इतिहास गमतीशीर आहे. 1965 च्या इमिग्रेशन कायद्याचा मूळ मसुदा कौशल्याला 50 टक्के व्हिसे देणार होता. अमेरिकेच्या संसदेतून बाहेर पडला तेव्हा कुटुंबाला 74 आणि कौशल्याला 20 टक्के, बाकी निर्वासितांना. नात्यागोत्यावर भर दिला की आधीच्या युरोपियनांचेच नातलग येतील, असा कयास होता. आले मात्र आशियातले. 2013 मध्ये सिनेटने 68 विरुद्ध 32 ने जे बिल पास केलं, त्यात भावंडांचा गट बंद होता, एडिसनकरांच्या मनासारखं. पण नोकरीवाल्यांची बायकामुलं कोट्यात मोजायची नाहीत हेही होतं. नोकरीचे निम्म्याहून जास्त व्हिसे बायकामुलांनाच जातात, तेव्हा रांग निम्मी झाली असती, कुणाचा घास न काढता. हाउसने ते मतदानालाच घेतलं नाही.

विदर्भी

एक विचारू, एडिसनकर? तुमचं कुणी सिटिझन आहे का इथे?

एडिसनकर

विचारलंत का! थोरली ताई, डॅलसला. 2011 मध्ये तिने माझ्यासाठी एफ-4, म्हणजे हाच भावंडांचा गट, भरून ठेवलाय.

मिरजेची माई

अरे देवा. आणि मघापासून आमची रांग मोडायला निघालात.

एडिसनकर

ती 2011 ची तारीख ईबी-2 ला जोडता येत नाही हो, वकिलाला विचारून झालंय. आणि भारताची एफ-4 अजून 2006 मध्ये रांगतेय.

मस्कतवाली

मग ताईंना सांगून तो अर्ज मागे घ्या. तेवढीच रांग कमी होईल.

एडिसनकर

तसं नको. राहू दे तो.