गप्प बसलेल्यांच्या वाट्याचे पाप

जुनी पोथी

द्यूतसभेची कथा आपण सर्वांनी इतक्या वेळा ऐकलेली आहे, की तिच्यातला दोषी कोण हे आता कोणी विचारीत नाही. दुःशासनाचा हात दिसतो, शकुनीचे फासे दिसतात, कर्णाचे शब्द ऐकू येतात आणि निकाल लागतो. परंतु महाभारताच्या सभापर्वात विदुर त्याच सभेला एक जुना निवाडा ऐकवतो, आणि त्यातला पापाचा हिशेब आपल्या सवयीच्या हिशेबापेक्षा फारच वेगळा आहे.

प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि अंगिरसाचा मुलगा सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण असा वाद झाला. दोघांनीही प्राण पणाला लावले आणि निवाड्यासाठी ते प्रल्हादाकडेच गेले. पेचात सापडलेल्या प्रल्हादाने कश्यपाला विचारले, की माहीत असूनही जो उत्तर देत नाही त्याची गती काय? कश्यपाने सांगितले, की सभेत निंद्य कृत्याची निंदा झाली नाही, तर निम्मे पाप सभेच्या प्रमुखाला लागते, पाव भाग ते करणाऱ्याला आणि उरलेला पाव भाग गप्प राहिलेल्या सभासदांना. प्रल्हादाने त्यानंतर स्वतःच्या मुलाविरुद्ध निकाल दिला.

प्रत्यक्ष करणाऱ्याला फक्त पाव, हे वाचून मी प्रथम चमकलो होतो. मात्र सभेत घडणारे दुष्कृत्य एकट्याच्या बळावर घडतच नाही, ते घडू दिले जाते, हे लक्षात घेतले की हा हिशेब पटू लागतो. स्वतःला आधी हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार होता का, हा द्रौपदीचा प्रश्न होता. भीष्माने त्यावर धर्माची गती सूक्ष्म आहे, मला नीट उत्तर देता येत नाही, असे सांगितले. ज्याच्या एका शब्दाने सभा थांबली असती, त्याने अवघडपणाची सबब पुढे केली. माझे मत असे आहे, की त्या दिवशीचा मोठा अपराध दुःशासनाचा नसून धृतराष्ट्राचा आणि भीष्माचा आहे. आजही कचेरीत, संस्थेत किंवा न्यायासनावर बसून जे जाणते लोक ‘प्रश्न गुंतागुंतीचा आहे’ म्हणतात, त्यांना हाच हिशेब लावला पाहिजे.

तराजू

आपण भीष्मावर अन्याय करीत आहात. त्याने नुसती सबब सांगितलेली नाही, तर पेच नीट मांडून दाखवला आहे. जो धनी नाही त्याला परक्याचे धन पणाला लावता येत नाही, हे खरे. पण पत्नी पतीच्या अधीन मानली जाते, हेही त्या काळच्या धर्मशास्त्रात खरे. शिवाय शकुनीने कपट केले असे खुद्द युधिष्ठिर म्हणत नाही, तो ‘मी जिंकला गेलो’ असेच म्हणतो. ज्याची तक्रार असायला हवी तोच तक्रार करीत नसेल, तर निवाडा करणाऱ्याने कशाच्या आधारावर बोलावे? हा एखाद्या चांगल्या वकिलाने करावा तसा युक्तिवाद आहे, आणि त्याला भेकडपणा म्हणणे सोपे असले तरी बरोबर नाही.

दुसरे असे, की बोलण्याने तेथे काय घडले तेही पाहावे. दुर्योधनाचा धाकटा भाऊ विकर्ण बोललाच होता. सभेने त्याची वाहवा केली, कर्णाने त्याला पोरकट ठरवले आणि वस्त्रहरणाची आज्ञा त्यानंतर सुटली. शेवटी धृतराष्ट्र वळला तो अग्निशाळेत कोल्हा ओरडला आणि गाढवे रेकू लागली तेव्हा. सभासदांच्या नीतिमत्तेपेक्षा कोल्ह्याची कामगिरी मोठी ठरली, असे म्हणावे लागते.

रोखठोक

विकर्णाच्या बोलण्याचा उपयोग झाला नाही, कारण त्याच्यामागोमाग दुसरा कोणी वजनदार माणूस उभा राहिला नाही. वडीलधारे बोलतील म्हणून तो आधी थांबला होता. कोणीच बोलत नाही हे पाहून हातावर हात चोळीत, उसासे टाकीत तो उठला, असे वर्णन आहे. राजांची चार व्यसने त्याने मोजून दाखवली, द्रौपदी पाचांची आहे हे सांगितले, युधिष्ठिर आधी स्वतःला हरला होता हेही सांगितले. म्हणजे ज्याला आपण सूक्ष्म पेच म्हणता, तो दुर्योधनाच्या धाकट्या भावाला चार वाक्यांत सोडवता आला.

आणि भीष्माचे दुसरे उत्तर आपण सोयीस्करपणे वगळले आहे. बलवान माणूस ज्याला धर्म म्हणतो, तोच वेळप्रसंगी लोक धर्म मानतात, असेही तो त्याच सभेत म्हणतो. मला त्याचा खरा कबुलीजबाब या वाक्यात दिसतो. ज्याला जगाची रीत इतकी स्वच्छ दिसत होती, त्याला उत्तर ठाऊक नव्हते हे मी मानणार नाही.

आपल्याकडेच याच्या उलट उदाहरण आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी सत्तेवर बसलेल्या राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. पुरावा अपुरा आहे, दादा पेशव्यांच्या घरचे आहेत, राज्य अडचणीत आहे, अशा सबबी त्यांनाही सुचल्या असत्या.

तराजू

रामशास्त्र्यांबद्दल मला आदर आहेच. पण त्यांच्या जाण्याने राघोबादादा पायउतार झाले नाहीत. ते झाले बारभाईंच्या कारस्थानामुळे, म्हणजे जे दरबारात टिकून राहिले, वेळ पाहून वागले आणि मोहरे हलवीत राहिले, त्यांच्यामुळे. शास्त्रीबुवाही पुढे त्याच कारभारात परत आले आणि 1789 मध्ये वारले तोवर मानाने राहिले. निघून जाणाऱ्याची कीर्ती गायली जाते आणि आत राहून कमी वाईट घडवणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही, हा आपल्या नैतिक चर्चेतला जुनाच दोष आहे.

राजीनाम्याचेही तसेच आहे. चिंतामणराव देशमुखांनी 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले आणि त्याचा परिणाम झाला, कारण ते देशमुख होते. त्यांच्याच खात्यातल्या एखाद्या कारकुनाने त्याच कारणासाठी नोकरी सोडली असती, तर त्याच्या घरची चूल बंद झाली असती, एवढेच.

जुनी पोथी

मी निघून जावे असे कोठेही म्हटलेले नाही. कश्यपाचा नियमही सभा सोडा असे सांगत नाही, निंद्याची निंदा करा एवढेच सांगतो. बसून राहणे आणि गप्प राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एकत्र बांधीत आहात.

आणीबाणीतला बंदी प्रत्यक्षीकरणाचा खटला पाहावा. जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क बजावून घेण्याची सोय स्थगित असताना, बेकायदा स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते का, हा प्रश्न होता. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी नाही म्हटले. न्या. हंसराज खन्ना यांनी एकट्याने होय म्हटले, तेही सभेतच बसून, आसन न सोडता. पुढच्याच जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. तराजू यांच्या मापाने हे भिन्नमत निरुपयोगीच, कारण त्या दिवशी त्याने एकही स्थानबद्ध सुटला नाही. परंतु 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाच्या हक्काचा निकाल देताना 1976 चा तो निर्णय चुकीचा ठरवला, तेव्हा आधाराला खन्नांचे लिखाण तयार होते. तो निर्णय चुकीचा ठरवणारे निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले होते, आणि 1976 च्या त्या चौघांत त्यांचे वडील न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. प्रल्हादाने मुलाविरुद्ध निवाडा दिला. येथे मुलाने वडिलांचा निवाडा मोडला.

हिशेबनीस

मी या चर्चेत उशिरा येत आहे आणि माझे उदाहरण अगदीच लहान आहे. काही वर्षे मी एका पतसंस्थेच्या संचालक मंडळावर होतो. एका नात्यातल्या माणसाला अपुऱ्या तारणावर कर्ज देण्याचा विषय आला, तेव्हा मला ते चूक वाटत होते. अध्यक्षांनी ‘कोणाची हरकत?’ असे विचारले, आणि मी समोरच्या चहाच्या कपाकडे पाहत राहिलो. पुढच्या सभेत मागचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. त्यात लिहिले होते, ‘सर्वानुमते मंजूर’. मी बोललो नव्हतो, तरी त्या ‘सर्वां’त मी होतो. कर्ज थकल्यावर ठेवीदार दारात उभे राहिले, तेव्हा मी मनात विरोधात होतो हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

म्हणून तराजू यांचे ‘आत राहून कमी वाईट घडवणे’ मला पटत नाही. आत राहणाऱ्याचे मौन कोरे राहत नाही. नोंदवहीत ते संमती म्हणूनच जमा होते.

तराजू

आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे, त्यामुळे वाद घालताना संकोच वाटतो. तरीही विचारतो. आपण संचालक होता, आपल्या बोलण्याला वजन होते आणि नुकसान झाले असते तर फार तर पुढच्या निवडणुकीत पडला असता. त्याच संस्थेतल्या ज्या कर्मचाऱ्याने ते कर्जाचे कागद तयार केले, त्याच्याकडून आपण तीच अपेक्षा कराल का? सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला होता, आणि 27 नोव्हेंबर 2003 रोजी गयेत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. अशी माहिती उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने 2014 मध्ये संमत केला. पण त्यानंतर वर्षे लोटली तरी तो लागू करण्याची अधिसूचना निघाली नाही. संरक्षण न देता लोकांकडून धैर्य मागणे, हाही समाजाचा अपराधच आहे.

रोखठोक

येथे मात्र मी तराजू यांच्याशी सहमत आहे. कश्यपाचा हिशेबही त्यांच्याच बाजूचा आहे, कारण निम्मे पाप प्रमुखाचे आणि सर्व सभासदांत मिळून पाव. पण या न्यायाने भीष्म सुटत नाही, उलट अधिकच अडकतो. त्याचा जीव धोक्यात नव्हता, त्याला तर इच्छामरणाचा वर होता.

युद्धाच्या आरंभी युधिष्ठिर शस्त्रे खाली ठेवून पायी भीष्माकडे जातो, तेव्हा भीष्म म्हणतो, की मनुष्य अर्थाचा दास आहे, अर्थ कोणाचा दास नाही. कौरवांनी मला अर्थाने बांधले आहे, म्हणून मी तुझ्याशी दुबळ्यासारखे बोलतो आहे. द्रोण, कृप आणि शल्य हेही पाठोपाठ तेच बोलतात. चार महारथी एकच वाक्य म्हणतात, आणि त्याच अध्यायात पुढे युधिष्ठिर दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहून, कोणाला आमच्याकडे यायचे असेल तर या, असे मोठ्याने सांगतो. तेव्हा एकच माणूस निघतो. तो धृतराष्ट्राचा वैश्य स्त्रीपासून झालेला मुलगा युयुत्सू. ज्याला त्या घरात सर्वांत कमी मान होता, त्याला बांधणारी दोरीही सर्वांत कच्ची निघाली.

तराजू

किंवा त्याला गमावण्यासारखे कमी होते.

जुनी पोथी

तसे असेल तर प्रातिकामीचे काय करायचे? द्रौपदीला आणायला आधी ज्या सेवकाला पाठवले, तो तिचा प्रश्न घेऊन एकटाच परत आला. दुर्योधनाने त्याला पुन्हा जायला फर्मावले, तेव्हा त्याला द्रौपदीच्या कोपाची भीती वाटत होती आणि समोर दुर्योधन उभा होता. तरी तो सभेकडे वळला आणि म्हणाला, ‘मी कृष्णेला (म्हणजे द्रौपदीला) काय सांगू?’ त्या सभेत सर्वांत कमी अधिकार असलेला आणि सर्वांत जास्त गमावण्याची शक्यता असलेला माणूस हाच होता. त्याने विरोध केला नाही, नीतीचे भाषणही केले नाही. जो प्रश्न त्याच्या हाती दिला होता, तो त्याने उत्तर मिळाल्याशिवाय खाली ठेवला नाही. दुर्योधनाने त्याला भित्रा म्हटले आणि दुःशासनाला पाठवले.

हिशेबनीस

प्रातिकामी हे त्याच्या कामाचे नाव आहे, त्याचे स्वतःचे नाव कथेत येत नाही. आमच्या त्या सभेतही कागद तयार करणारा कारकून दाराशी उभा होता. विषय संपल्यावर त्याने विचारले होते, ‘साहेब, तारणाच्या रकान्यात काय लिहू?’ आम्ही सगळे हसलो होतो.