मदत हवी आहे: करार नाही, महिन्याच्या बोलीवर खोली, घणसोली गाव

घणसोली_नवी:
चाळीतली खोली. भाडं ७,५००, डिपॉझिट २५,०००, दोन्ही रोख. ना करार, ना पावती. लाईट सबमीटरवर. मालक म्हणतात भाचा येतोय, १ तारखेला खोली मोकळी करा. आज २२. डिपॉझिटचं विचारलं तर 'रंगकामात जाईल'. कागदच नाही म्हणजे माझी बाजू लंगडीच ना?

कोपरी_पूर्व:
उलट, लंगडी मालकांची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही केला, तर मालक वेगळं सिद्ध करेपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य. वर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. '११ महिन्यांचा असला की नोंदणी नको' हे महाराष्ट्रात चालत नाही.

मात्र पैसे दिल्याचा पुरावा हवाच. आजच व्हॉट्सअ‍ॅप करा: 'काका, डिपॉझिटचे २५,००० तुमच्याकडे आहेत, चावी देताना परत द्याल ना?' नुसतं 'हो, बघू' आलं तरी काम झालं. बाकी असलेलं भाडं यूपीआयने टाका, शेऱ्यात 'खोली भाडे' आणि महिना लिहा.

रबाळे_लोकल:
कलमं लगेच तोंडावर फेकू नका. पाण्याचा व्हॉल्व्ह आणि मीटर दोन्ही मालकाच्या ओट्यावर. पाणी-वीज तोडायला त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ ची मनाई आहे, पण दाद मिळेपर्यंत बादली कुठून भरणार? आधी १५ दिवस मागून घ्या. महिन्याच्या भाडेपट्ट्याला मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम १०६ तेवढी लेखी नोटीस सांगतं, सोडणाऱ्यालाही. त्या पंधरवड्याचे ३,७५० डिपॉझिटमधून वळते करा म्हणावं, उरलेले २१,२५० चावी हातात देताना.

रोजच्या वापराने भिंत मळली तर रंग मालकाचा. तुमच्याकडून फुटलेला नळ, तुटलेली कडी तुमची. सामान हलवल्यावर भिंती, मोरी आणि सबमीटरचं रीडिंग एकाच व्हिडिओत घ्या.

घणसोली_नवी:
आणि नाहीच दिले तर?

कोपरी_पूर्व:
ठाण्याचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. महिलांना उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत. बऱ्याचदा वकिलाची नोटीस पोचली की पैसे निघतात.

ऐरोली_सेक्टर:
पुढची खोली करारावरच घ्या. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं १० टक्के मानीव (म्हणजे हिशोबापुरतं धरलेलं) व्याज यांवर. तुमच्या आकड्यांनी ११ महिन्यांचे या हिशोबाने साधारण २१२ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी १,०००. दोघांचं आधार, अंगठे आणि दोन साक्षीदार लागतात. एजंटचे वेगळे, ते आधीच ठरवा.

गावातल्या मालकांना भीती एकच, 'कूळ लागेल', म्हणजे भाडेकरू हक्क सांगून बसेल. त्यांना सांगा, नोंदलेला लीव्ह अँड लायसन्स (ठराविक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा करार) असेल तर मुदत संपल्यावर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडून खोली परत मिळते. तोंडी बोलीवर ठेवलेला माणूस काढायलाच जास्त वेळ जातो. हे पटलं की बहुतेक मालक आधार कार्ड काढतात.