मदत हवी आहे : संगणकाशी जोडून चालणारा डीजे मिक्सर निवडताना नेमके काय तपासावे?

नमस्कार.

मी सोलापुरात लग्नसमारंभ, हळदीचे कार्यक्रम आणि महाविद्यालयांची स्नेहसंमेलने यांसाठी संगीत वाजवतो. हे काम मी आणि माझा एक मित्र मिळून करतो. मराठी आणि हिंदी गाण्यांची बाजू माझ्याकडे असते, तेलुगू आणि कन्नड गाण्यांची त्याच्याकडे. आपल्या शहरात एकाच लग्नात या चारही भाषांतली गाणी मागितली जातात आणि वऱ्हाडातल्या प्रत्येक घराला आपल्या भाषेतले गाणे नीट, पूर्ण तयारीने वाजावे असे वाटते, जे अगदी रास्त आहे. त्यामुळे आमचे दोन लॅपटॉप आहेत आणि दोघांचे गाण्यांचे संग्रह वेगवेगळे आहेत.

सध्या आमच्याकडे दोन टर्नटेबल, टाइमकोडच्या तबकड्या (ज्या फिरवून लॅपटॉपमधले गाणे चालवता येते), साउंड कार्डची, म्हणजे आवाज संगणकात नेणारी-आणणारी, स्वतंत्र पेटी आणि एक साधा दोन चॅनेलचा मिक्सर आहे. टर्नटेबलपासून पेटीकडे, पेटीपासून मिक्सरकडे आणि पेटीपासून लॅपटॉपकडे अशा वायरी जातात. मित्राची पाळी आली की पेटीची यूएसबी वायर माझ्या लॅपटॉपमधून काढून त्याच्या लॅपटॉपला लावावी लागते, मग त्याच्या सॉफ्टवेअरने पेटी ओळखेपर्यंत थांबावे लागते आणि तेवढा वेळ मोबाईलवरून एखादे गाणे लावून भागवावे लागते. उघड्या लॉनवर रात्री १० वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागत असल्याने, जेवणे आटोपल्यावर नाचण्यासाठी मिळणारा वेळ मुळातच थोडा असतो, आणि त्यातली काही मिनिटे वायरी बदलण्यात जावीत हे मला मनापासून खटकते.

म्हणून साउंड कार्ड आत बसवलेला, थेट सॉफ्टवेअरशी बोलणारा मिक्सर घेण्याचा विचार आहे. मात्र बाजारात चौकशी करताना गोंधळ वाढतच जातो. ज्या मिक्सरला यूएसबीची जागा आहे त्या प्रत्येकाला दुकानदार ‘डिजिटल मिक्सर’ म्हणतात. प्रत्यक्षात एखाद्याची जागा केवळ पेनड्राइव्हवरची गाणी वाजवण्यासाठी असते, तर दुसऱ्याची फक्त बाहेर जाणारा एकत्रित आवाज संगणकात रेकॉर्ड करण्यासाठी. टाइमकोड तबकड्यांनी सॉफ्टवेअर चालवता येईल की नाही, हे माहितीपत्रकातील कोणत्या ओळीवरून ओळखायचे?

दुसरे असे की, काही मिक्सरना दोन लॅपटॉप एकाच वेळी जोडता येतात असे वाचले आहे. एकाचे गाणे चालू असताना दुसऱ्याने आपले गाणे चढवून त्यात मिसळणे खरोखर शक्य होते का, की तिथेही मध्ये खंड पडतो? मिक्सरवरच्या पॅडांचा, म्हणजे बोटाने दाबायच्या रबरी बटणांचा, उपयोग किती, याबद्दलही अनुभवी मंडळींनी लिहावे. हलगीचा ठेका जिथे सुरू होतो तिथे मी हॉट क्यू, म्हणजे एका कळीने गाणे थेट त्या जागी नेणारी खूण, लावून ठेवतो आणि सध्या ते लॅपटॉपच्या कळांवरून दाबतो. अंधारात आणि गर्दीत हे अवघड जाते. इफेक्ट (आवाजाला एकोसारखे वेगळे रूप देणाऱ्या सोयी) मिक्सरचे असावेत की सॉफ्टवेअरचे, हाही प्रश्न आहेच.

नवा मिक्सर परवडला नाही तर पुण्याहून किंवा मुंबईहून वापरलेला आणावा लागेल. सर्वांत चांगली कंपनी कोणती, हा माझा प्रश्न नाही. कोणत्या कामासाठी कोणते वैशिष्ट्य अटळ आहे आणि कोणते नसले तरी चालते, एवढे समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण बाकीचे बरेचसे त्यावर अवलंबून आहे.

टाइमकोडच्या तबकडीवर गाणे नसते, एक स्थिर सूर असतो. सेराटो या डीजे सॉफ्टवेअरच्या तबकडीवर तो १ किलोहर्ट्झचा असतो, म्हणजे स्पीकरवर सोडला तर सलग शिट्टीसारखा ऐकू येतो. तबकडी वेगाने फिरली की सूर चढतो, हळू फिरली की उतरतो. त्यावरून सॉफ्टवेअरला वेग कळतो. डाव्या आणि उजव्या बाजूच्या सुरांत पाव आवर्तनाचे अंतर ठेवलेले असते आणि कोणती बाजू पुढे आहे यावरून तबकडी सुलटी फिरते आहे की उलटी, हे समजते. सुई तबकडीवर नेमकी कुठे आहे, याची खूणही याच सुरात गुंफलेली असते.

याचा अर्थ असा की, मिक्सरने प्रत्येक टर्नटेबलचा कच्चा संकेत, फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) आणि टोनच्या बटणांचा परिणाम होण्यापूर्वीच, स्वतंत्रपणे लॅपटॉपकडे पाठवला पाहिजे. आणि लॅपटॉपकडून येणारे दोन डेकचे (सॉफ्टवेअरमध्ये एकेक गाणे वाजवणाऱ्या दोन भागांचे) आवाज दोन वेगळ्या चॅनेलवर परत घेतले पाहिजेत. दोन डेक, प्रत्येकाच्या डाव्या-उजव्या दोन बाजू, म्हणून साउंड कार्डाला कमीत कमी चार इनपुट आणि चार आउटपुट हवेत. माहितीपत्रकात ‘दोन इन, दोन आउट’ लिहिले असेल तर तो मिक्सर तुमच्या कामाचा नाही, त्यावर यूएसबीचे चिन्ह कितीही मोठे छापलेले असो. टर्नटेबलसाठी फोनो इनपुट, म्हणजे सुईचा अशक्त संकेत घेऊ शकणारे इनपुट, हवे, हेही पाहा.

पण एवढ्याने भागत नाही. हार्डवेअर सक्षम असले तरी सॉफ्टवेअरने त्याला मान्यता दिलेली असावी लागते. सेराटोच्या बाबतीत काही मिक्सर जोडताच सॉफ्टवेअरचे पूर्ण रूप खुले होते, पायोनियरचा डीजेएम-एस९ किंवा रेनचा सेव्हंटी-टू ही त्याची उदाहरणे आहेत. तर डीजेएम-९००एनएक्सएस२ सारख्या मिक्सरसाठी ‘क्लब किट’ नावाचा परवाना वेगळा विकत घ्यावा लागतो. रेकॉर्डबॉक्स या दुसऱ्या डीजे सॉफ्टवेअरचे नियम पुन्हा निराळे आहेत. तेव्हा मिक्सर आधी आणि सॉफ्टवेअर नंतर असा क्रम ठेवू नका. तुम्ही दोघे जे सॉफ्टवेअर वापरता, त्याच्या संकेतस्थळावरील मान्य उपकरणांची यादी उघडा आणि त्या यादीतूनच मिक्सर निवडा. परवान्याचा खर्च मिक्सरच्या किमतीत धरूनच तुलना करा.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. मिक्स्स नावाचे सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आणि मुक्त स्रोताचे आहे आणि टाइमकोड तबकड्यांवरही चालते. मिक्सरमधले कार्ड चार इन-चार आउट असेल आणि त्याचा ड्रायव्हर (उपकरण आणि संगणक यांना जोडणारे छोटे सॉफ्टवेअर) संगणकाला सर्व चॅनेल दाखवत असेल, तर शिकण्यासाठी आणि अडीअडचणीला ते लॅपटॉपवर ठेवावे असे माझे मत आहे.

प्रतिसाद २

दोन लॅपटॉपांबद्दल लिहितो. दोन यूएसबी जागांचा मिक्सर हाच तुमच्यासाठी खरा निर्णायक मुद्दा आहे, बाकी सगळे त्यानंतर येते.

डीजेएम-एस९, एस११, रेन सेव्हंटी-टू आणि सेव्हंटी, तसेच ॲलन अँड हीथचा झोन:९६ यांना दोन संगणक एकाच वेळी जोडता येतात. कोणता चॅनेल कोणत्या लॅपटॉपचा, हे चॅनेलगणिक निवडता येते. तुमचे गाणे पहिल्या चॅनेलवर चालू असते, तुमचा मित्र दुसरा चॅनेल आपल्याकडे वळवून घेतो, हेडफोनवर गाणे जुळवतो आणि फेडर पुढे करतो. मग पहिला चॅनेलही त्याच्याकडे जातो. वायर कुठलीच काढावी लागत नाही आणि खंड पडत नाही.

पाळी बदलताना एक सवय लावून घ्या. चालू गाण्याचा डेक सॉफ्टवेअरमध्ये ‘इंटरनल’वर टाका, म्हणजे ते गाणे तबकडीच्या आधाराशिवाय आपल्या वेगाने चालू राहते आणि नकळत कुणाचा हात टर्नटेबलला लागला तरी बिघडत नाही. दोन्ही लॅपटॉपवर ड्रायव्हर आधीच बसवून, घरी एकदा जोडून पाहिलेले असावेत, हे वेगळे सांगायला नको.

तुमच्या हलगीच्या हॉट क्यूंबद्दल : सेराटो क्यूच्या खुणा गाण्याच्या फाइलमध्येच लिहिते, त्यामुळे ते गाणे मित्राच्या लॅपटॉपवर उतरवले तर खुणाही सोबत जातात. रेकॉर्डबॉक्स त्या आपल्या संग्रहाच्या नोंदवहीत ठेवते, म्हणून तिथे नुसती फाइल देऊन काम होत नाही. दोघांनी मिळून वाजवायचे असेल तर हा फरक महत्त्वाचा आहे.

प्रतिसाद ३

पॅड आणि इफेक्ट यांत गल्लत करू नये. पॅड हे केवळ सॉफ्टवेअरला दिलेले आदेश असतात. लॅपटॉप अडकला की त्यांचा उपयोग शून्य. याउलट टोनची बटणे, माइक आणि मिक्सरच्या आतले इफेक्ट लॅपटॉपशिवायही चालतात. लग्नात निवेदकाचा माइक कधीच बंद पडता कामा नये, म्हणून माइकचे इनपुट आणि मोबाईलसाठी ऑक्स इनपुट या दोन गोष्टींना मी पॅडांच्या आधी स्थान देईन. इफेक्टमध्ये एको आणि फिल्टर मिक्सरमध्येच असले की पुरे. चारही भाषांच्या गाण्यांत त्यांचाच वापर सर्वांत जास्त होतो.

आपल्याकडची धूळ लक्षात घेता क्रॉसफेडर (एका चॅनेलवरून दुसऱ्यावर नेणारी आडवी सरकपट्टी) चुंबकीय, म्हणजे घासणारा संपर्क नसलेला असेल तर तो अधिक टिकतो. साध्या फेडरमध्ये धूळ शिरली की आवाज खरखरतो आणि मग तो बदलावाच लागतो.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. चार इन-चार आउट हा निकष इतक्या स्पष्टपणे यापूर्वी कुणी सांगितला नव्हता. आम्ही दोघेही सेराटो वापरतो, त्यामुळे आता शोध दोन यूएसबी जागा असलेल्या, सेराटो थेट खुले करणाऱ्या आणि ऑक्स इनपुट असलेल्या मिक्सरपुरता मर्यादित करत आहे. चार चॅनेलच्या मिक्सरची गरज मला दिसत नाही.

आणखी दोन शंका आहेत. लॅपटॉपचा चार्जर लावलेला असला की स्पीकरमधून सलग घूं असा आवाज येतो आणि चार्जर काढला की थांबतो. मिक्सर बदलल्याने तो जाईल का? आणि तबकडी हलवल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर नव्या मिक्सरमध्ये किती असेल? मोठ्या बेसजवळ सुई उडते, त्यावरही काही उपाय असल्यास कृपया सांगावा.

प्रतिसाद १

घूं आवाज मिक्सर बदलून जाईलच असे नाही. चार्जरचे अर्थिंग, मिक्सरचे अर्थिंग आणि साउंडवाल्याच्या ॲम्प्लिफायरचे अर्थिंग वेगवेगळ्या जागी जमिनीला मिळाले की यूएसबीच्या आणि ऑडिओच्या वायरीतून एक वळसा तयार होतो आणि त्यातून हा आवाज येतो. लॉनवर अर्धी उपकरणे जनरेटरवर आणि अर्धी मुख्य विजेवर असतील तर तो हमखास येतो. लॅपटॉप, मिक्सर आणि शक्य असल्यास ॲम्प्लिफायरही एकाच बोर्डावरून चालवा आणि मिक्सरच्या एक्सएलआर (तीन पिनांच्या) आउटपुटमधूनच साउंडवाल्याला आवाज द्या. तरीही राहिला तर मध्ये ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर लावा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मुळीच मानू नका. तो जिवाशी खेळ आहे.

उशिराचे गणित सोपे आहे. ४४.१ किलोहर्ट्झवर २५६ नमुन्यांचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे सुमारे ५.८ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे सुमारे ११.६. यात जाण्या-येण्याचा आणखी थोडा वेळ मिळवा. विंडोजवर हे साधण्यासाठी मिक्सरचा स्वतःचा आसिओ (कमी उशिराचा) ड्रायव्हर आवश्यक आहे. बफर फार कमी केला की जुना लॅपटॉप दमतो आणि आवाज तुटतो, म्हणून २५६ पासून सुरुवात करून पाहा. मुख्य स्पीकर तुमच्यापासून १० मीटरवर असेल तर नुसत्या हवेतून आवाज पोहोचायलाच सुमारे २९ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे मिक्सरला वेगळ्या बटणाचे बूथ आउटपुट असावे आणि छोटा मॉनिटर स्पीकर तुमच्या शेजारी ठेवावा. उशीर जाणवण्याची बहुतेक तक्रार तिथेच मिटते.

सुईसाठी टर्नटेबल लाकडी स्टेजवर थेट ठेवू नका. खाली शहाबादी फरशीचा तुकडा आणि फरशीखाली जाड रबर किंवा स्पंज ठेवला तर धक्के पुष्कळ कमी होतात. सॉफ्टवेअरमध्ये ‘रिलेटिव्ह’ पद्धत निवडली की सुई उडाली तरी गाणे जागा सोडत नाही, फक्त गती क्षणभर डळमळते. सुई नकोच असेल तर ‘फेज’ नावाचे बिनतारी उपकरण तबकडीवर ठेवून तोच टाइमकोड मिक्सरला देता येतो.

वापरलेला मिक्सर घेणार असाल तर तुमचा लॅपटॉप, तुमच्या तबकड्या आणि हेडफोन सोबत घेऊन जा. तुमच्या विंडोजच्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर आजही मिळतो का, हे निघण्यापूर्वी घरीच पाहून ठेवा. सेराटोचे जुने स्क्रॅच लाइव्ह, जे २००४ मध्ये रेनच्या उपकरणांसोबत आले, ते केव्हाच बंद झाले आहे. त्या काळातले मिक्सर आजही स्वस्तात विकायला येतात आणि दिसायलाही धडधाकट असतात. तिथे पोहोचल्यावर दोन्ही यूएसबी जागा एकेक करून तपासा, सॉफ्टवेअरच्या टाइमकोड खिडकीत दोन्ही चॅनेलची वर्तुळे गोल आणि स्वच्छ दिसतात का ते पाहा, आणि हेडफोनवर मिक्सरचा मुख्य आवाज घेऊन, क्रॉसफेडर पूर्ण एका बाजूला नेल्यावर दुसऱ्या बाजूचा आवाज त्यात झिरपतो का ते ऐका. मित्राचाही लॅपटॉप बरोबर न्या. दोन्ही जोडून, गाणे चालू असताना पाळी बदलून दाखवता आली, तरच पैसे द्या.